पाहुणे दगड पाहायला येतात, कारभार कोणी पाहायचा?



नांगराच्या फाळाला दगड लागला की आपण त्याला शिवी हासडतो आणि उचलून बांधावर टाकतो. खडकाळ माळावर पीक येत नाही, म्हणून माळाला कोणी विचारत नाही. पण अलीकडे उलटेच घडू लागले आहे. शहरातली माणसे मोटारी करून, तिकीट काढून हेच दगड, हेच माळ आणि हेच खड्डे पाहायला येतात. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर, साताऱ्याजवळचे कासचे पठार, पारनेर तालुक्यातले निघोजचे रांजणखळगे ही नावे तुमच्याही ऐकण्यात असतील.

पाहुणा चार पैसे आणतो हे खरे. पण तो तहान आणतो, कचरा आणतो आणि त्याच्या मागोमाग जमिनीचा दलालही येतो. मग प्रश्न उभा राहतो, की या सगळ्याचा कारभार पाहायचा कोणी? वनखात्याने, महसूल खात्याने, पर्यटनवाल्यांनी, की ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर चरली त्या गावकऱ्यांनी? या अंकात पीक-पाणी बाजूला ठेवून याच प्रश्नावर बोलू. कारण ज्या गावात हा प्रश्न वेळेवर सुटत नाही, तिथे पुढे पीक-पाण्याचेही वांधे होतात.

जिओपार्क ही काय वस्तू आहे?

जगात अशा जागांसाठी एक व्यवस्था तयार झाली आहे. तिला जिओपार्क म्हणतात, मराठीत भू-उद्यान. नावात उद्यान असले तरी ही फुलझाडांची बाग नव्हे, आणि तारेचे कुंपण घातलेले अभयारण्यही नव्हे. पृथ्वीच्या घडणीचा महत्त्वाचा पुरावा ज्या मुलुखात आहे, तो सगळा मुलूख म्हणजे जिओपार्क. त्याच्या हद्दीत गावे असतात, शेते असतात, देवळे असतात, बाजार भरतात. हद्दीत आले म्हणून कोणाची जमीन सरकारजमा होत नाही. मोलाचे दगड आणि जागा तेवढ्या त्या त्या देशाच्या कायद्याने राखाव्या लागतात.

२००० साली फ्रान्स, ग्रीस, जर्मनी आणि स्पेन या देशांतल्या चार प्रदेशांनी एकत्र येऊन युरोपात ही सुरुवात केली. २०१५ साली युनेस्को या जागतिक संस्थेने तिला आपल्या छत्राखाली घेतले. एप्रिल २०२५ मध्ये अशी २२९ जिओपार्क ५० देशांत होती. त्या यादीत भारतातले एकही नव्हते.

आता त्यातली आपल्या कामाची अट ऐका. नुसता नामी दगड असून जिओपार्क मिळत नाही. त्या मुलुखाचा कारभार पाहणारी, कायद्याने मान्य झालेली एक संस्था असावी लागते, आणि तिच्या कामात सरकारी खात्यांबरोबर स्थानिक लोकांनाही जागा असावी लागते. वर दर चार वर्षांनी तपासणी होते. काम ठीक असेल तर हिरवे कार्ड मिळते, म्हणजे आणखी चार वर्षे. उणिवा असतील तर पिवळे कार्ड, आणि त्या दुरुस्त करायला दोन वर्षे. तरीही सुधारणा झाली नाही तर लाल कार्ड, म्हणजे नाव रद्द. आपल्या विकास सोसायटीच्या ऑडिटात जसा वर्ग ठरतो, तसाच हा प्रकार समजा. आणखी एक नियम असा, की कारभारी संस्थेने तिथले जीवाश्म किंवा खनिजे विकायच्या धंद्यात पडायचे नाही. बियाणेच विकून खाल्ले तर पेरणार काय, हा त्यातला हिशेब आहे.

आपल्याला हे नवे नाही

सगळ्यांनी मिळून कारभार करण्याची ही रीत परदेशातून शिकावी लागेल असे नाही. खानदेशात पांझरा आणि मोसम या नद्यांच्या काठी फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, त्याच्या पाटाखाली जमिनीचे फड आणि एका फडात ठरवून एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि सगळ्यांवर देखरेखीला शेतकऱ्यांनीच निवडलेली पंच मंडळी. पाट साफ करायची वेळ आली की लाभ घेणाऱ्या प्रत्येकाने आपला वाटा उचलायचा.

हे इतकी वर्षे का टिकले? पाणी एकाचे नाही, म्हणून कारभारही एकाचा नाही, हे सगळ्यांना मान्य होते. नियम ठरलेले होते. नियम मोडणाऱ्याला विचारणारे कोणीतरी होते. आणि ज्याच्या शेताला पाणी शेवटी पोहोचते, त्यालाही फडात बोलता येत होते. पाण्याच्या जागी पाहुणे धरा आणि पाटाच्या जागी रस्ता धरा, म्हणजे जिओपार्कची गोष्ट निम्मी समजली.

ग्रीसमधले दगडाचे जंगल

वर सांगितलेल्या पहिल्या चारांपैकी एक आहे ग्रीस देशातले लेस्वोस बेट. ऑलिव्हची झाडे, मेंढ्या आणि मासेमारी यांवर जगणारा हा मुलूख. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीच्या राखेखाली अख्खे जंगल गाडले गेले आणि त्याचा दगड झाला. खोडे, मुळ्या, पाने, सगळे दगडात उतरले. १९८५ साली ग्रीसने त्याला संरक्षित निसर्ग-स्मारक ठरवले आणि १९९४ साली सिग्री या गावी त्याचे संग्रहालय स्थापन झाले.

त्याच बेटावर पेट्रा नावाचे गाव आहे. तिथल्या बायकांनी १९८३ सालीच आपली सहकारी संस्था काढली होती. घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आणि घरचे जेवण करून वाढायचे, असे काम त्यांनी सुरू केले. ग्रीसमधली अशा प्रकारची ही पहिली महिला संस्था. पुढे संग्रहालयानेही बेटावरच्या बायकांच्या सहकारी संस्थांना हाताशी धरले आणि त्यांचे घरगुती पदार्थ आपल्या दुकानात विक्रीला ठेवले. पाहुणा येतो दगड पाहायला, पण परत जाताना पिशवीत दगड नेत नाही, बायकांनी केलेला मुरंबा नेतो. दगड जागेवर राहतो आणि पैसा गावात राहतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. सिग्रीकडे जाणारा रस्ता नव्याने बांधताना जमिनीतून दगडी खोडे निघू लागली. आपल्याकडे असे झाले तर काय होईल याची कल्पना करा. रात्रीत जेसीबी फिरेल आणि सकाळी खाली मुरूम पसरलेला दिसेल. तिथे रस्त्याचे काम आणि संग्रहालयाच्या माणसांचे उत्खनन हातात हात घालून चालले. २०२१ साली त्याच कामात फांद्या आणि मुळ्यांसकट एक अख्खे झाड मिळाले. रस्ताही झाला आणि झाडही वाचले. रस्ता करणारे आणि दगड राखणारे आधीच एकमेकांशी बोलत होते, म्हणून हे जमले.

लोणार : मानकरी पुष्कळ, घर एक

आता आपल्या घरी येऊ. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि सुमारे दीडशे मीटर खोल आहे. १८२३ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे कित्येक वर्षे ते ज्वालामुखीचे तोंड असावे असा समज होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की आकाशातून उल्का आदळून हा खड्डा झाला. आपल्या काळ्या दगडात झालेले आणि इतके चांगले टिकलेले असे विवर जगात क्वचितच सापडते. तळाशी खारे पाणी आणि काठावर धारेचे गोडे पाणी, हे तिथले आणखी एक नवल.

या जागेला मान काही कमी मिळाले नाहीत. १९७९ साली ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरली. २००० साली वन्यजीव अभयारण्य झाली. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा देशभर तिचे नाव गाजले. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे तपासणीत दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत लोणारचे नाव आले. नांदूरमधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे.

आणि तरीही याच सरोवरात गावाचे सांडपाणी उतरत राहिले. विवराच्या आत शेती होत असे, तिच्यातून खत-औषधांचा अंश पाण्यात जाई. वेडी बाभूळ माजली. शेवटी नागरिकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली आणि कित्येक वर्षे तिथे सुनावण्या चालल्या.

असे का झाले? कोणी एक वाईट होता म्हणून नव्हे. जंगल वनखात्याचे, जुनी देवळे पुरातत्त्व खात्याची, गावाचे सांडपाणी नगर परिषदेचे, सभोवारची जमीन शेतकऱ्यांची, तिची दप्तरे महसुलाकडे, आणि नवरात्रात कमळजादेवीला येणारी गर्दी भाविकांची. प्रत्येकाच्या हातात घराची एकेक खोली, पण घराचे छप्पर कोणाच्याच हातात नाही. गटार नगर परिषदेच्या हद्दीत वाहते आणि त्याचा त्रास वनखात्याच्या हद्दीतल्या पाण्याला होतो. दोघे एका टेबलाशी बसल्याशिवाय हा गुंता सुटतच नाही. न्यायालयाला समित्या नेमाव्या लागतात त्या त्यासाठीच. पण जे काम पाटाच्या बांधावर बसून व्हायचे ते कोर्टाच्या पायरीवर न्यावे लागले, तर वेळ जातो, पैसा जातो आणि माणसा-माणसांत तेढ येते.

कायद्याचेही सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळे राखण्यासाठी एका कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. असा कायदा हवा होता यात शंका नाही. पण सगळा अधिकार एकाच खात्याकडे जातो आणि गावाला, राज्याला, अभ्यासकांना पुरेशी जागा उरत नाही, असा आक्षेप जाणकारांनीच घेतला. दहा मालक असले तर घर गळते, आणि मालक एकटाच असला तर बाकीचे परके होतात. दोन्ही टाळायचे आहे.

कास : गुरे बाहेर गेली तेव्हा

मग गावाला खरोखर कारभारात घेतले तर काय होते? त्यासाठी कासचे पठार पाहा. काळ्या दगडावर जांभ्याचा थर, त्याच्यावर बोटभर माती आणि त्या मातीत पावसाळ्यानंतर फुलणारी रानफुले. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारसा यादीत गेले आणि गर्दीचा लोंढा सुरू झाला. फुले तुडवली जाऊ लागली, रस्ते तुंबले.

तेव्हा आजूबाजूच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि वनखाते यांनी मिळून हंगामाचा कारभार हाती घेतला. प्रवेश शुल्क लावले. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा ठरवली. आधी नोंदणी करून यायची पद्धत आणली. गाड्या लांब उभ्या करायच्या, वाट दाखवायला आणि राखणीला गावातलीच माणसे. हंगामापुरता का होईना, गावच्या पोरांना गावात रोजगार मिळाला. हा मोठा धडा आहे.

पण दुसरा धडाही तिथेच मिळतो आणि तो गुरे राखणाऱ्याने विसरू नये असा आहे. फुले वाचवायची म्हणून पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले आणि चराई थांबली. काही वर्षांनी लोकांच्या आणि अभ्यासकांच्या ध्यानात आले की उंच गवत माजते आहे आणि बुटकी फुले त्याच्याखाली दबत आहेत. गुरांचे तोंड, खूर आणि शेण हेही त्या माळाच्या घडणीचा भाग होते, असे म्हटले जाऊ लागले. पुढे ते कुंपण काढून टाकण्यात आले.

गुराख्याला हे पुस्तक वाचून कळले नसते, पण त्याला माळ ठाऊक असतो. कुंपणाचा निर्णय होताना त्याला बैठकीत मानाने बसवून विचारले, तर एखादी चूक आधीच टळू शकते. गावाला समितीत घ्यायचे ते उपकार म्हणून नव्हे. ज्याला त्या जमिनीचे रोजचे ज्ञान आहे, त्याच्यावाचून कारभार लंगडा पडतो म्हणून घ्यायचे.

ग्रामसभेत काय विचाराल?

तुमच्या शिवारात असे काही स्थळ असेल, गरम पाण्याचा झरा असो, रांजणखळगे असोत की फुलांचा सडा, आणि तिथे पर्यटनाची योजना येणार असे कानावर आले, तर टाळ्या वाजवण्याआधी किंवा विरोधाचा ठराव करण्याआधी ग्रामसभेत पाच गोष्टी विचारा.

पहिली, हद्द. कोणते गट नंबर योजनेत येतात, सात-बाऱ्यावर काही नोंद चढणार आहे का, चराईचा आणि जळणाचा हक्क राहणार का, हे नकाशासह लेखी मागा. तोंडी शब्द बदली झालेल्या अधिकाऱ्याबरोबर निघून जातो. मी स्वतः सरकारी नोकरीतला माणूस आहे, म्हणून हे जबाबदारीने सांगतो.

दुसरी, समिती. तिच्यात खाती असोत, जाणकार असोत, सरपंच असोत. पण गुरे-मेंढ्या राखणारे घर, बचत गटातली बाई, देवस्थानचा माणूस आणि भूमिहीन मजूर यांच्या खुर्च्या नावानिशी ठरवून घ्या. आणि बैठकीची वेळ पाहा. तालुक्याच्या गावी, गाई-म्हशींच्या धारा काढायच्या वेळेला बैठक ठेवली, तर बाई यायची कशी? मग तिची खुर्ची कागदावरच राहते.

तिसरी, पैसा. तिकिटाचा पैसा कोणत्या खात्यात जमा होतो, त्यातला किती सफाईला, किती स्थळाच्या राखणीला आणि किती ज्यांची चराई थांबली त्यांना, हे आधी ठरू द्या. वर्षातून दोनदा जमाखर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. दूध संस्थेत रोजचे माप आपण डोळ्यांसमोर घेतो, तसेच हे.

चौथी, मर्यादा. समजा दिवसाला ५०० माणसे आली आणि प्रत्येकामागे १० लिटर पाणी लागले, तर रोजचे ५,००० लिटर झाले. ते कोणत्या विहिरीतून येणार? मे महिन्यात गावालाच टँकर लागत असेल तर पाहुण्याला पाजायचे काय? जितके पाणी आणि जितकी सफाईची सोय, तितकेच पाहुणे. आपण रानाची ताकद पाहून झाडांची संख्या ठरवतो, दाट लावले की कणीस भरत नाही. इथेही तोच नियम.

पाचवी, भांडण. ते होणारच. सगळ्यांचे एकमत होईल या आशेवर कारभार चालत नाही. तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि नियम मोडणारा हॉटेलवाला असो की सरपंचाचा पुतण्या, दंड सारखाच का, हे लिहून ठेवा. प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या.

जमीन घाईने विकू नका

शेवटी एक कळकळीची गोष्ट. पर्यटनाची नुसती बातमी आली, की रस्त्याकडेच्या खडकाळ तुकड्याला दलाल भलता भाव सांगतो. कधी एवढी रक्कम पाहिलेली नसते. लग्न असते, कर्ज असते. सही होते. पाच वर्षांत पैसा संपतो आणि ज्या रानाचा तो मालक होता, त्याच रानात उभ्या राहिलेल्या हॉटेलच्या फाटकावर रखवालदार म्हणून त्याला उभे राहावे लागते. मग समितीत त्याला कोण विचारणार? जमीन हातात आहे तोवरच टेबलाशी खुर्ची आहे.

त्यापेक्षा दुसरे मार्ग आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्याची माहिती पर्यटन आणि कृषी कार्यालयांत विचारा. राहत्या घरातली एक खोली नीट करा. बचत गटाने भाकरी-पिठल्याचे जेवण ठरलेल्या दराने द्यावे. हुरडा, सीताफळे, घरची डाळ, लोणची विकायला एक मांडव सर्वांनी मिळून उभारा. आणि एक पथ्य पाळा. स्वयंपाक जिने केला, पैसा तिच्या खात्यात गेला पाहिजे. कष्ट तिचे आणि नोटा घरधन्याच्या खिशात, असे झाले तर दोन हंगामांत ती चूल विझते.

बंधूंनो, दगड लाखो वर्षे थांबला आहे, त्याला घाई नाही. घाई आहे ती आपल्याला आणि आपल्यापेक्षा जास्त बाहेरच्यांना. म्हणून योजना येण्याआधीच गावाची बैठक झालेली बरी. पाट फुटल्यावर धावण्यापेक्षा आधी बांध घातलेला कधीही चांगला. तुमच्या गावात या बाबतीत काही घडले असेल, बरे किंवा वाईट, तर मला पत्राने अवश्य कळवा. चार गावांना त्याचा उपयोग होईल.

पुढच्या अंकात रब्बी ज्वारीसाठी ओल कशी धरून ठेवावी याविषयी बोलू.